लेक व्हाइटफिश दिवसाच्या कोणत्या वेळी गळाला लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑन्टारिओ, मिशिगन आणि विस्कॉन्सिन येथे स्थायिक झालेली मराठी मंडळी सरोवरे गोठू लागली की हे प्रश्न विचारू लागतात. त्यांतले बरेचसे प्रश्न वेळेबद्दल असतात, म्हणून उत्तरेही वेळेभोवतीच ठेवली आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेक व्हाइटफिश म्हणजे नेमका कोणता मासा? बाजारात ‘व्हाइटफिश’ म्हणून मिळतो तोच का?

प्रत्येक वेळी तोच असेल असे नाही. मासळीच्या व्यापारात कॉड, हॅडॉक अशा पांढऱ्या मांसाच्या अनेक समुद्री माशांना सरसकट व्हाइटफिश म्हणतात. लेक व्हाइटफिश हा मात्र गोड्या पाण्यातला, सामन आणि ट्राउट यांच्या कुळातला मासा आहे. त्याचे शास्त्रीय नाव कोरेगोनस क्लुपिफॉर्मिस असे असून तो पंचमहासरोवरांत, जवळजवळ संपूर्ण कॅनडात, अलास्कात आणि न्यू इंग्लंडच्या काही खोल सरोवरांत आढळतो. या प्रदेशाचे मूळ रहिवासी असलेले अनिशिनाबे लोक त्याला ‘अदिकमेग’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘कॅरिबू-मासा’, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडियरचे नाव लाभलेला मासा. सू सेंट मरी येथील सेंट मेरीज नदीच्या खळाळत्या प्रवाहात डोंगीत उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्याने हे मासे उचलण्याची त्यांची परंपरा फार जुनी आहे.

ओळखण्याची खूण तोंडात आहे. व्हाइटफिशचे तोंड लहान असून नाकाडाच्या खाली दडलेले असते, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सिस्को माशाचा खालचा जबडा वरच्याच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे येतो. हा तपशील केवळ ओळखीपुरता नाही. खाली वळलेले तोंड तळावरचे अन्न टिपण्यासाठी आहे, आणि दिवसाच्या वेळेचे सगळे गणित तळावर काय घडते यावरच अवलंबून आहे.

२. एका वाक्यात सांगा, सर्वांत चांगली वेळ कोणती?

तांबडे फुटल्यापासून सूर्योदयानंतर साधारण दीड-दोन तासांपर्यंत; आणि त्याखालोखाल सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास.

घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर जानेवारीच्या मध्यावर ऑन्टारिओतल्या सिमको सरोवरावर सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, म्हणून सात वाजता गळ पाण्यात असायला हवा. विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे परिसरात त्याच दिवसांत सूर्योदय साडेसातच्या थोडा आधी होतो. हे उत्तर प्रामुख्याने हिवाळ्यातल्या बर्फावरच्या मासेमारीला लागू पडते. उन्हाळ्यासाठी प्रश्न ७ आणि ८, तर शरद ऋतूसाठी प्रश्न ९ पाहावा.

३. पण पहाटेच का? बर्फाखाली माशाला दिवस-रात्र कळते तरी का?

कळते, आणि आपल्याला वाटते त्याहून बारकाईने कळते. बर्फ म्हणजे बंद झाकण नव्हे. स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या बर्फातून पुष्कळ प्रकाश खाली जातो. बर्फावर भुसभुशीत हिमाचा थर साचला की तो प्रकाश झपाट्याने घटतो. पाण्याखालची पहाट त्यामुळे हळूहळू आणि थोडी उशिराच होते, परंतु होते.

या पहाटेला तळाशी बरेच काही बदलते. पंचमहासरोवरांच्या खोल पाण्यात मायसिस नावाचा कोळंबीसारखा बारीक जीव असतो. तो अंधार पडला की वरच्या थरांत चढतो आणि उजाडू लागले की पुन्हा तळाकडे उतरतो. व्हाइटफिशच्या खाण्यात हे मायसिस, तळावरच्या किड्यांच्या अळ्या, बारीक गोगलगाई, शिंपले आणि लहान मासे येतात. हे सगळे खाद्य तळाशी जमत असतानाच अन्न दिसण्याइतका उजेड होतो, पण मासा सावध होऊन खोल पाण्याकडे सरकावा इतका होत नाही. त्या मधल्या वेळात व्हाइटफिशचे थवे उतारांच्या वरच्या अंगाला आणि उथळ कडांवर चरत फिरतात. उन्हे वर आली की हेच थवे खोल उतरतात. त्यांचे खाणे थांबते असे नाही, परंतु ते विखुरतात आणि आपल्या छिद्राखालून जाण्याची शक्यता कमी होते.

गेल्या तीन-चार दशकांत यात आणखी एक भर पडली आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस झेब्रा शिंपले आणि त्यांच्या मागोमाग क्वागा शिंपले या सरोवरांत शिरले. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म प्लवक खातात. त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ झाले असून सूर्यप्रकाश अधिक खोल पोहोचतो. ज्या खोलीवर पूर्वी दुपारीही अंधूक असे, तिथे आता लख्ख उजेड पडतो. माझ्या मते पहाटेचे महत्त्व म्हणूनच वाढले आहे. दुर्दैवाने याच शिंपल्यांच्या काळात डायपोरिया नावाचे, व्हाइटफिशचे एकेकाळचे मुख्य खाद्य असलेले तळजीव बऱ्याच ठिकाणी जवळजवळ नाहीसे झाले. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांच्या मोठ्या भागात व्हाइटफिशची नवी पिढी पुरेशी तगत नाही. हा मासा वेळ साधून पकडताना तो किती नाजूक अवस्थेतून जात आहे याचे भान असावे, असे मला मनापासून वाटते.

४. मी सूर्योदयाला हजर होतो, तरी एकही मासा लागला नाही. काय चुकले असेल?

बहुधा ‘सूर्योदयाला हजर’ हेच चुकले. सूर्य क्षितिजावर येतो तेव्हा पहाटेचा चांगला भाग उलटून गेलेला असतो. त्यानंतर आपण बर्फ-गिरमिटाने छिद्रे पाडतो, घसरगाडी ओढतो, तंबू उभारतो, आणि या आवाजाने उथळ कडेवरचे मासे दूर जातात. छिद्रे अंधारातच पाडून, सगळे सामान लावून, पूर्वेकडे पांढुरके दिसू लागण्यापूर्वी शांत बसणे हा पहाटेच्या मासेमारीचा खरा अर्थ आहे. मी पहिले दोन हिवाळे हे न समजता घालवले. दररोज आठ वाजता पोहोचून शेजारच्या तंबूतले लोक सामान आवरताना पाहिले आणि ‘इथे मासाच नाही’ असा निष्कर्ष काढत राहिलो.

दुसरे कारण खोलीचे असू शकते. व्हाइटफिश एका जागी बसून राहत नाही, थव्याने फिरतो. म्हणून सपाट तळाच्या मधोमध बसण्यापेक्षा जिथे उथळ पठार संपून उतार सुरू होतो त्या कडेवर बसावे. दोन छिद्रे असतील तर एक कडेच्या वर आणि एक उताराच्या पायथ्याशी ठेवावे. पहाटे वरच्या छिद्रावर लक्ष द्यावे आणि उन्हे चढली की खालच्या छिद्राकडे वळावे.

तिसरे कारण म्हणजे आमिष तळापासून फार वर असणे. शिसे तळाला टेकवून मग वीतभर उचलावे. त्याहून वर नेलेले आमिष ट्राउट घेईल, व्हाइटफिश क्वचितच घेईल.

५. नोकरीमुळे दुपारखेरीज वेळ मिळत नाही. दुपारी जाण्यात अर्थ आहे का?

आहे, मात्र जागा बदलावी लागेल. पहाटे आठ-दहा मीटर खोलीवर मिळणारा मासा दुपारी वीस किंवा त्याहून अधिक मीटर खोलीवर शोधावा. तिथे भर दुपारी प्रकाश अंधूकच असतो, आणि माशाच्या दृष्टीने ती वेळ पहाटेसारखीच असते. सिमको सरोवराचा केम्पेनफेल्ट उपसागर चाळीस मीटरच्या आसपास खोल असून किनाऱ्यापासून फार दूर न जाता खोल पाणी मिळते, म्हणून दुपारच्या मासेमारीसाठी तो सोयीचा आहे. ग्रीन बेमध्येही थवे दिवसभर फिरत असतात आणि दुपारी अचानक दहा-पंधरा मिनिटे गळावर गळ लागत जाऊन पुन्हा सामसूम होते. तेवढ्या वेळात दोरी गुंतलेली नसणे महत्त्वाचे.

हिवाळ्यातली दुपार लहान असते हेही ध्यानात घ्यावे. जानेवारीत पाचच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे तीन वाजता निघालेल्या माणसाला सायंकाळचा चांगला तास सहज मिळतो. दुपारी एकला जाऊन तीनला परतण्यापेक्षा तीनला जाऊन अंधार पडण्याच्या आत परतणे मी केव्हाही पसंत करेन.

६. ढगाळ दिवशी वेळ बदलते का?

बदलते असे म्हणण्यापेक्षा लांबते. दाट ढग असतील, हिम पडत असेल किंवा बर्फावर हिमाचा जाड थर असेल, तर पहाटेची परिस्थिती दहा-अकरा वाजेपर्यंतही टिकते. याउलट आदल्या रात्री वाऱ्याने हिम उडवून नेले असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर सकाळचा चांगला काळ आखडतो आणि खोल पाण्याकडे लवकर सरकावे लागते.

७. उन्हाळ्यात होडीतून मासेमारी करताना कोणती वेळ धरावी?

उन्हाळ्यात खोली ठरवणारी मुख्य गोष्ट पाण्याचे तापमान असते. प्रकाश दुय्यम ठरतो. सरोवराचे वरचे पाणी तापते, त्याखाली तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ थर तयार होतो आणि त्याच्या खाली थंड पाणी राहते. व्हाइटफिशला साधारण दहा-बारा अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, म्हणून तो या थराखाली, अनेकदा वीस-तीस मीटर खोलीवर जातो. तिथे सूर्यप्रकाश मुळातच कमी असल्याने पहाट आणि दुपार यांतला फरक हिवाळ्याइतका तीव्र राहत नाही. सकाळी अकरालाही उत्तम मासे मिळतात.

तरीही मी उन्हाळ्यात पहाटेच निघण्याचा आग्रह धरतो, आणि त्याचे कारण मासा नसून वारा आहे. मोठ्या सरोवरांवर दुपारकडे वारा वाढतो. होडी एका जागी स्थिर राहिली नाही, तर तीस मीटर खोल सोडलेले हलके आमिष तळावर टिकत नाही. सिमकोवर जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या आत होतो, त्यामुळे पहाटे पाचला निघाल्यास वारा सुटण्यापूर्वी चार-पाच तास मिळतात.

८. उन्हाळ्यात संध्याकाळी पृष्ठभागावर व्हाइटफिश उसळताना पाहिला. हा तळाचा मासा ना?

आपण पाहिले ते बरोबर आहे. हा या माशाचा सर्वांत सुंदर अपवाद. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेफ्लाय नावाचे किडे सरोवराच्या तळातल्या चिखलातून वर येतात, पृष्ठभागावर कात टाकतात आणि पंख फुटून उडतात. हा प्रकार प्रामुख्याने दिवेलागणीच्या वेळी घडतो. ज्या सरोवरांत वरचे पाणी अद्याप फार तापलेले नसते, तिथे व्हाइटफिश या किड्यांच्या मागे थेट पृष्ठभागापर्यंत येतो आणि पाण्यावर हलकी वर्तुळे उमटवत ते टिपतो. अशा संध्याकाळी तळाचे आमिष बाजूला ठेवून बारीक कृत्रिम माशी पाण्यावर सोडावी. हे काही मोजक्या संध्याकाळीच घडते, पण त्यांसाठी थांबणे सार्थकी लागते.

९. शरद ऋतूत रात्री धक्क्यावरून व्हाइटफिश मिळतो हे खरे आहे का?

मिशिगन सरोवराच्या उत्तर भागातल्या धक्क्यांवर ते खरे आहे. व्हाइटफिश शरद ऋतूच्या उत्तरार्धात, पाणी साधारण आठ अंशांच्या खाली गेल्यावर, अंडी घालण्यासाठी किनाऱ्याजवळच्या खडकाळ, गोट्यांच्या तळावर येतो. अंडी घालण्याचे काम बहुतांशी रात्री चालते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काळोख पडल्यावर आणि पुन्हा पहाटे तो धक्क्याच्या टप्प्यात असतो. सामनचे एकच अंडे बारीक गळाला लावून तळावर ठेवणे ही तिथली रुळलेली रीत आहे.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्यावी. पहिली म्हणजे सिमकोसह काही सरोवरांत शरद ऋतूत व्हाइटफिशची मासेमारी बंद असते, आणि ती याच कारणासाठी असते. दुसरी म्हणजे नोव्हेंबरच्या वाऱ्यात लाटा धक्क्यावरून पलीकडे जातात; अंधारात अशा लाटांचा अंदाज येत नाही. वारा किनाऱ्याकडे जोराने वाहत असेल तर त्या रात्री जाऊच नये.

१०. मग हिवाळ्यातही रात्री बर्फावर थांबलो तर?

माझे उत्तर ‘नको’ असे आहे. पूर्ण अंधार झाल्यावर बर्फाखाली व्हाइटफिशचा प्रतिसाद मंदावतो. रात्री गळाला लागतो तो बहुधा बर्बट, म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा कॉडच्या कुळातला मासा. तोच हवा असेल तर रात्र त्याची आहे. व्हाइटफिशसाठी आलेल्याने अंधार पडल्यावर अर्धा तास वाट पाहावी आणि घरी जावे. त्या झोपेचा उपयोग दुसऱ्या दिवशीच्या पहाटेला होतो.

११. कोकणात आम्ही भरती-ओहोटी आणि तिथी पाहून गरवायला जातो. इथे तिथीचा उपयोग होतो का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. खाडीत पाणी चढते-उतरते, त्याबरोबर खाद्य वाहते आणि मासा त्याच्यामागे येतो. म्हणून उधाण आणि भांग यांचा हिशेब तिथे अत्यावश्यक ठरतो. पंचमहासरोवरांत चंद्रामुळे होणारी भरती पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे तो हिशेब इथे लागू पडत नाही. पाण्याची पातळी दिवसभरात वर-खाली झालेली दिसली, तर ती वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने एका काठाकडे ढकललेल्या पाण्याची असते. पात्रात हेलकावणाऱ्या पाण्याप्रमाणे ते पुन्हा मागे येते. अरुंद उपसागरांच्या तोंडाशी या हेलकाव्याने बर्फाखाली प्रवाह निर्माण होतो, आणि तो वाहू लागला की थवे हालचाल करू लागतात. खाडीवरच्या माणसाची नजर त्यामुळे इथेही वाया जात नाही. चंद्राच्या स्थितीवरून माशांच्या खाण्याच्या वेळा सांगणारे तक्ते इथे सर्वत्र मिळतात. मी त्यांवरून बेत आखत नाही.

१२. वेळेनुसार आमिष बदलावे का?

होय, थोडेसे. पहाटेच्या अंधूक उजेडात माशाला दुरून बोलावणे गरजेचे असते, म्हणून चकचकीत धातूचा लहान चमचा, म्हणजे चमच्यासारखे कृत्रिम आमिष, हलवत ठेवावा. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टन गावात तयार होणारा ‘स्वीडिश पिंपल’ हा अशा चमच्यांतला जुना आणि विश्वासाचा प्रकार आहे. अंधारात चमकणारा रंग याच वेळी उपयोगी पडतो. उजेड वाढला की चमक कमी करावी, आकार आणखी लहान करावा, गळाला मेणकिड्याची अळी किंवा बारीक माशाचे डोके लावावे, आणि हालचाल जवळजवळ थांबवावी. स्वच्छ पाण्यात दुपारी जाड तंगूस माशाला दिसतो; चार ते सहा पौंडांचा ताण सोसणारी फ्लुओरोकार्बन दोरी पुरेशी होते.

१३. मासा लागल्याचे कळतच नाही, आणि कळले तर वर येताना सुटतो. हे वेळेमुळे होते का?

नाही, हे तोंडामुळे होते (प्रश्न १ पाहा). व्हाइटफिश आमिष ओढत नाही, उचलतो. त्यामुळे दोरीला झटका बसण्याऐवजी ती क्षणभर सैल पडते. काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावल्यास हे डोळ्यांना दिसते, पण पहाटे सहा-सातच्या अंधारात ती स्प्रिंग दिसण्यासाठी डोक्यावर मंद लाल दिवा असावा. त्याच्या तोंडाची कातडी मऊ असते, म्हणून जोराने हिसका देऊ नये. काठी संथपणे उचलावी, रिळाची पकड सैल ठेवावी आणि छिद्राच्या काठाशी घाई करू नये.

१४. लेक ट्राउट आणि व्हाइटफिश दोन्ही हवे असतील तर दिवस कसा आखावा?

पहाटे व्हाइटफिश आणि मग ट्राउट असा क्रम ठेवावा. ट्राउट डोळ्यांनी पाहून पाठलाग करणारा शिकारी असल्याने लख्ख उजेडात, तळापासून बरेच वरसुद्धा, आमिषावर येतो. सकाळी नऊ-साडेनऊनंतर व्हाइटफिश थंडावला की मोठे आमिष लावून खोल पाण्याकडे जावे. उलट क्रमाने आखलेला दिवस बहुधा दोन्हींना मुकवतो.

१५. अंधारात बर्फावर चालणे सुरक्षित आहे का?

अनोळखी बर्फावर नाही. पायी चालण्यासाठी किमान दहा सेंटिमीटर जाडीचा, घट्ट, स्वच्छ बर्फ हवा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मी स्वतः पंधरा सेंटिमीटरच्या आत पाऊल टाकत नाही. पांढरट, हिम गोठून झालेला बर्फ स्वच्छ बर्फाच्या निम्माच मजबूत धरावा. पहाटेची वाट आदल्या दिवशी उजेडात चालून तपासावी, दर काही पावलांवर पहारीने बर्फ ठोकावा, तरंगणारा पोशाख घालावा आणि बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढण्याचे दोन टोकदार हुक गळ्यात अडकवलेले असावेत. पहिल्या हिवाळ्यात एकट्याने पहाटे जाऊ नये. कोणताही मासा याहून महत्त्वाचा नाही.

१६. नवख्या माणसाने कोणते नियम आधी पाहावेत?

परवाना, बंद हंगाम आणि दिवसाला ठेवता येणाऱ्या माशांची संख्या, या तीन गोष्टी. ऑन्टारिओत १८ ते ६४ वयाच्या रहिवाशांना परवाना लागतो. बर्फावर बहुतेक ठिकाणी दोन दोऱ्या चालतात, परंतु आपण प्रत्येक दोरीपासून ६० मीटरच्या आत असावे आणि ती स्पष्ट दिसत असावी. सिमकोवर क्रीडा परवान्यावर दोन आणि संवर्धन परवान्यावर एकच व्हाइटफिश ठेवता येतो. तिथल्या व्हाइटफिशची नैसर्गिक पैदास ढासळल्यामुळे १९८०च्या दशकापासून त्यात पिल्ले सोडली जात आहेत, हे त्या कडक मर्यादेमागचे कारण आहे. जिवंत आमिष एका विभागातून दुसऱ्यात नेण्यावर निर्बंध असून विकत घेतल्याची पावती जवळ ठेवावी लागते. नियम बदलतात, त्यामुळे दर हंगामाच्या सुरुवातीला प्रांताची किंवा राज्याची चालू नियमपुस्तिका वाचावी.

१७. मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे जातात. तेव्हा कोणती वेळ धरायची?

सूर्याची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे गेले की सिमकोवरचा सूर्योदय साडेसहाच्या आसपासवरून एकदम साडेसातकडे जातो, आणि शनिवारी योग्य वेळी पोहोचलेली माणसे रविवारी उगाच तासभर थंडीत बसतात. बरे, मार्चमध्ये आणखी एक बदल होतो: उन्हाने वरचे हिम वितळते, बर्फ पारदर्शक होतो आणि पाण्याखाली उजेड लवकर व लख्ख पडतो. त्यामुळे या दिवसांत सकाळचा चांगला काळ जानेवारीपेक्षा आखूड असतो आणि सूर्योदयानंतर तासाभरातच खोल पाण्याकडे सरकावे लागते. त्याच वेळी काठाजवळचा बर्फ सर्वांत आधी कुजतो. सकाळी गोठलेल्या काठावरून आत गेलेल्या माणसाला दुपारी तोच काठ पाणथळ झालेला मिळतो, म्हणून मार्चमध्ये पहाटे जावे आणि अकराच्या आत काठावर परत यावे.